बुश साहेब, ब्लेअर साहेब, तुमचा ‘माहिती चुकीची होती’ हा खुलासा अमान्य

प्रति,
मा. जॉर्ज बुश साहेब, माजी राष्ट्राध्यक्ष, अमेरिका
मा. टोनी ब्लेअर साहेब, माजी पंतप्रधान, ब्रिटन

विषय : इराक युद्धाबाबत आपण वेळोवेळी दिलेला खुलासा

साहेब, नमस्कार.

हे पत्र सोलापुरातनं लिहितोय आणि मराठीत लिहितोय, त्यामुळं तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे मला पक्कं माहीत आहे, पण आख्खी नोकरी महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली, उत्तर येणार नाही अशी पत्रं लिहायची सवय आहे. घरची पोरं म्हणतात 2003 चं आता कशाला उकरून काढताय. काढतोय कारण हल्ली कुठंही युद्धाचं नाव निघालं की सात रस्त्याच्या टपरीवर एक तरी जण ठासून सांगतो, अहो सरकारकडं पक्की माहिती असती, उगंच कोण कशाला युद्धाला जाईल. ते ‘पक्की माहिती’ ऐकलं की मला तुम्ही दोघं आठवता.

इराकच्या सद्दाम हुसेनकडं रासायनिक, जैविक शस्त्रं आहेत अशी गुप्त माहिती आहे म्हणून तुम्ही 2003 ला युद्धाला गेलात आणि ती शस्त्रं काही सापडली नाहीत. त्यावरचा तुमचा खुलासा आधी जसाच्या तसा मांडतो म्हणजे नंतर वाद नको. बुश साहेब, 14 डिसेंबर 2005 च्या भाषणात तुम्ही म्हणालात की बरीचशी गुप्त माहिती चुकीची निघाली हे खरंय आणि इराकमध्ये जायच्या निर्णयाला राष्ट्राध्यक्ष म्हणून मी जबाबदार आहे. ऐकून बरं वाटलं. पण त्याच भाषणात तुम्ही हेही म्हणालात की सद्दामला काढायचा निर्णय बरोबरच होता. मग 2008 च्या डिसेंबरात जाता जाता टीव्हीवर तुम्हाला विचारलं की सगळ्यात मोठी खंत कसली, तर तुम्ही म्हणालात इराकबद्दलची गुप्त माहिती चुकली त्याची. म्हणजे खंत माहितीची, निर्णयाची नाही. ब्लेअर साहेब तुमचं तर त्याहून भारी. 6 जुलै 2016 ला इराक युद्धाच्या ब्रिटिश चौकशीचा चिलकॉट अहवाल आला, त्या दिवशी तुम्ही जवळपास दोन तास पत्रकारांसमोर होतात, आवाज भरून आलेला, म्हणालात पूर्ण जबाबदारी माझी, त्यात कुठली सबब नाही, तुम्हाला कल्पना येणार नाही इतकं दुःख होतंय. आणि लगेच पुढं, त्याच परिस्थितीत असतो तर निर्णय तोच घेतला असता. म्हणजे जबाबदारी घेतली, माफीपण मागितली, आणि चूक काय विचारलं तर काहीच नाही! असला खुलासा आमच्या ऑफिसात एखाद्या शिपायानं दिला असता तर साहेबांनी कागद त्याच्या अंगावर फेकला असता.

आमच्याकडं काय व्हायचं सांगतो. एका वर्षी गारपीट झाली, द्राक्षबागा झोपल्या, पंचनाम्यांची धांदल. एका तलाठ्यानं शिवारात पाय न ठेवता चावडीत बसूनच पंचनामे भरले आणि ज्याची बाग उभी होती त्याला नुकसान दाखवलं, ज्याची गेली त्याचं नाव नाही. कारणे दाखवा नोटीस निघाली. तलाठ्यानं खुलासा दिला की कोतवालानं तसं सांगितलं म्हणून लिहिलं, माहिती चुकीची मिळाली. साहेबांनी खुलाश्यावर बोट ठेवून एवढंच विचारलं, सही कुणाची आहे? निलंबन, विभागीय चौकशी, शिस्त व अपील नियमाखाली वेतनवाढ रोखली. कोतवाल काय बोलला ते कुणी विचारलंसुद्धा नाही. काही गुंठ्यांच्या द्राक्षबागेचा विषय होता हो तो. तुमच्या सहीनं अख्खा देश गेला.

आता तुमच्या फायलीकडं येऊ. फाईल खालून वर जाताना तिच्यातली शंका कशी गळते हे कारकुनाइतकं कुणाला कळत नाही, म्हणून मला त्या चौकशा वाचायला मजा आली, म्हणजे मजा म्हणणं बरं नाही पण ओळखीचं वाटलं. मार्च 2002 मध्ये ब्रिटनच्या जॉइंट इंटेलिजन्स कमिटीनं, म्हणजे गुप्त माहिती तपासून सरकारला कळवणाऱ्या समितीनं, टिपणी केली की इराकच्या शस्त्रांबद्दलची माहिती तुटक आहे, अधूनमधून मिळतीय, ठिगळं लावल्यासारखी आहे. हे पुढं त्या गुप्त माहितीची चौकशी करणाऱ्या बटलर समितीनं 2004 साली छापलं. आणि 24 सप्टेंबर 2002 ला ब्लेअर साहेब तुम्ही पार्लमेंटात उभं राहून म्हणालात की माहिती विस्तृत आहे, तपशीलवार आहे, अधिकृत आहे. त्याच दिवशी जो दस्तऐवज काढला त्याच्या प्रस्तावनेत तुमच्या नावानं लिहिलंय की सद्दाम रासायनिक आणि जैविक शस्त्रं बनवतच राहिलाय हे निःसंशय सिद्ध झालंय. खालच्या टिपणीत ठिगळं आणि वरच्या कागदावर निःसंशय. मधे काय झालं? बटलर समिती भिडस्त भाषेत म्हणाली की माहितीला पेलवेल त्यापेक्षा जास्त भार तिच्यावर टाकला गेला आणि तिच्या मर्यादा लोकांना नीट सांगितल्या नाहीत. ह्याला आमच्याकडं शेरा वगळून टिपणी सादर करणे म्हणतात आणि ती चूक नसते, ते ठरवून करावं लागतं.

त्याच दस्तऐवजात ती 45 मिनिटांची गोष्ट, हुकूम आल्यापासून 45 मिनिटांत शस्त्रं तयार. पेपरवाल्यांनी असं छापलं की वाचणाऱ्याला वाटावं लंडनवर आता क्षेपणास्त्र पडतंय. मूळ माहिती एकाच मार्गानं आलेली, ऐकीव, आणि बोलत होती ती रणांगणावरच्या तोफगोळ्यांसारख्या शस्त्रांबद्दल. हे खाली माहीत होतं. वर कुणी विचारलं नाही किंवा विचारायचं नव्हतं.

बुश साहेब, तुमच्या बाजूला तर स्थळपाहणीचा आख्खा धडा आहे. एक इराकी माणूस जर्मनीत आश्रय मागायला गेला, जर्मन गुप्तचरांना सांगितलं की सद्दामकडं चालत्या ट्रकमध्ये जंतू बनवायचे कारखाने आहेत. त्याला टोपणनाव दिलं कर्व्हबॉल. युद्धाआधी तुमच्या माणसांनी त्याची समोर बसून उलटतपासणी केलेली नव्हती, जर्मनांनी ती करूच दिली नाही आणि त्यांनाच त्याच्याबद्दल शंका होत्या. तरीपण 5 फेब्रुवारी 2003 ला तुमचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल साहेब युनोत बसले, मागं तुमच्या सीआयए ह्या गुप्तचर संस्थेचे प्रमुख टेनेट, पडद्यावर त्या ट्रकची चित्रं. फोटोसुद्धा नव्हेत, काढलेली चित्रं! हातात पांढऱ्या पावडरची ती बारकी बाटली. आम्ही ते इथं टीव्हीवर बघत होतो, सांगोला मंगळवेढ्याकडं दुष्काळ, टँकर चालू, आणि टीव्हीवर हे. शेजारचे एक यंत्रमागवाले काका म्हणाले, काय बोलुलालाय बे हा, घरात साप निघाल्यासारखं.

आणि तीन दिवसांनी, 8 फेब्रुवारीला युनोचे निरीक्षक त्या माणसानं सांगितलेल्या जागेवर गेले. बगदादजवळची बियाण्यांची जागा. त्यानं सांगितलं होतं ट्रक एका बाजूनं आत जातात आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतात. जिथनं ट्रक जायचे तिथं भिंत. पक्की भिंत! मी आयुष्यात एवढे पंचनामे हाताळलेत, जागेवर भिंत निघाली की जबाब तिथंच संपतो. तुमच्याकडं जबाब चालू राहिला आणि भिंतीकडं कुणी बघितलं नाही, आणि दीड महिन्यात 20 मार्चला बॉम्ब पडायला लागले. 2011 साली त्या माणसानं स्वतःच कबूल केलं की खोटं बोललो, सद्दामला घालवायचं होतं. पॉवेल साहेब बिचारे नंतर म्हणाले की ते भाषण माझ्या नावावरचा डाग आहे आणि तो राहणार. तुमच्या दोघांपेक्षा त्यांचं बोलणं मला जास्त खरं वाटलं, त्यांनीही आधी भिंत बघायला पाहिजे होती हे आहेच.

नायजरच्या युरेनियमचं फार लांबवत नाही. बुश साहेब, 28 जानेवारी 2003 च्या तुमच्या भाषणात सद्दामनं आफ्रिकेतनं युरेनियम मागितल्याचं एक वाक्य होतं. नायजर ह्या आफ्रिकी देशाची म्हणून जी कागदं फिरत होती ती बनावट आहेत हे अणुऊर्जा संस्थेच्या अल बरादेई यांनी 7 मार्चला, म्हणजे युद्धाच्या आधी, सुरक्षा परिषदेत सांगितलं. इराकनं मागवलेल्या अल्युमिनियमच्या नळ्यांचं तेच. सीआयए म्हणतीय अणुबॉम्बसाठी, तुमच्याच ऊर्जा खात्याचे जाणकार म्हणताहेत की ह्या रॉकेटच्या नळ्या आहेत. वेगळा शेरा फायलीत होता साहेब. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागानंही आपला वेगळा शेरा नोंदवला होता. लोकांसाठी काढलेल्या गुप्तचर अहवालाच्या प्रतीत बराचसा शेरा गायब.

का गायब, त्याचं उत्तर मला आमच्या पैसेवारीत सापडतं. सोलापूर म्हणजे दुष्काळी जिल्हा, आमच्याकडं पीक किती आलं ते पैसेवारीत मोजतात, 50 पैशांच्या खाली गेलं की गाव दुष्काळी ठरायचं. कायद्यानं पाहिलं तर आधी शेतात पीक कापणी प्रयोग करायचा, वजन करायचं, मग आकडा. पण कधी कधी काय व्हायचं, वरनं फोन आलेला असायचा की यंदा आकडा कुठं बसला पाहिजे, आणि मग प्रयोग त्या आकड्यापर्यंत नेऊन पोचवायचे. ब्लेअर साहेब, 23 जुलै 2002 ला तुमच्या डाउनिंग स्ट्रीटवरच्या, म्हणजे पंतप्रधान कार्यालयातल्या, बैठकीचं टिपण 2005 मध्ये फुटलं, त्यात ब्रिटिश गुप्तचर प्रमुख वॉशिंग्टनहून येऊन सांगताहेत की तिकडं युद्ध ठरल्यातच जमा आहे आणि माहिती व तथ्यं धोरणाला जुळवून बसवली जात आहेत. ते वाचून मी आमच्या एका जुन्या मंडळ अधिकाऱ्याला फोन केला, म्हणलं अहो तुमची पैसेवारी लंडनला पोचली. ब्लेअर साहेब, पाचच दिवसांनी, 28 जुलैला, तुम्ही बुश साहेबांना लिहिलंत की काहीही झालं तरी मी तुमच्याबरोबर असेन. आकडा ठरला होता. सप्टेंबरातला दस्तऐवज नंतरचा आहे, तारखा बघा.

मला माहीत आहे तुमची माणसं काय म्हणतील. म्हणतील तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं सद्दामकडं काहीतरी आहे, फ्रान्स जर्मनीलाही वाटत होतं. आणि सद्दाम काय संत नव्हता, हलाब्जात 1988 ला त्यानं कुर्दांवर विषारी वायू सोडला, बायका पोरं रस्त्यात मरून पडली. हे सगळं खरंय आणि त्याच्यासाठी माझ्या डोळ्यात पाणी येणार नाही. पण फ्रान्स जर्मनीलाही वाटत होतं तरी ते गेले नाहीत ना? वाटणं वेगळं आणि सैन्य पाठवणं वेगळं. युनोच्या हान्स ब्लिक्स यांच्या निरीक्षकांनी सातशेच्या वर तपासण्या केल्या, काही रॉकेटं मर्यादेबाहेर जाणारी सापडली ती मोडायला सुरुवातपण झाली, आणि ब्लिक्स 7 मार्चला म्हणाले वर्षं नकोत, आठवड्यात होणार नाही, महिने द्या. महिने! तेवढे दिले नाहीत. चिलकॉटनं तेच म्हणलं की शांततेचे मार्ग संपलेले नव्हते, युद्ध हा शेवटचा उपाय नव्हता. तुम्हाला माहितीची वाट बघायची नव्हती कारण माहितीची गरजच संपली होती, मग आता दोष माहितीला कसा देता?

मोजायचं तर तुमचे अमेरिकेचे साडेचार हजाराच्या आसपास सैनिक गेले, ब्रिटनचे 179. इराकचे नागरिक, अगदी हात राखून मोजणाऱ्यांचं धरलं तरी लाखाच्या वर. शस्त्रं शोधायला जी मोठी टीम पाठवली तिचे प्रमुख डेव्हिड के जानेवारी 2004 ला परत येऊन म्हणाले आम्ही जवळपास सगळेच चुकलो. आणि त्यानंतर मार्च 2004 मध्ये बुश साहेब, तुम्ही पत्रकारांच्या जेवणात फोटो दाखवत होतात, टेबलाखाली वाकून शोधताना, ती शस्त्रं इथंच कुठंतरी असणार म्हणून. लोक हसले. मला आजही तो व्हिडिओ पूर्ण बघवत नाही, दोनदा चालू करून बंद केला. 2022 ला डॅलसमध्ये युक्रेनबद्दल बोलता बोलता तुमच्या तोंडून निघालं की एका माणसानं अन्यायानं आणि क्रूरपणे इराकवर आक्रमण केलं, मग सावरलंत, युक्रेन म्हणायचं होतं. तेव्हापण हॉलमध्ये लोक हसले.

मग शिक्षा कुणाला झाली ते बघू, कारण फाईल बंद करताना आम्ही शेवटी तेच बघतो. बीबीसीनं बातमी दिली की ब्लेअर साहेबांच्या त्या सप्टेंबरातल्या दस्तऐवजात मीठमसाला लावलाय. बातमीत काही चुका होत्या, सरकारनं नेमलेल्या हटन चौकशीनं बीबीसीला झोडपलं, आणि जानेवारी 2004 मध्ये दोनच दिवसांत बीबीसीचे अध्यक्ष गेले, महासंचालक गेले, तो पत्रकारही गेला. म्हणजे चुकीची माहिती दिली म्हणून खुर्ची सोडायची असते हे ब्रिटनमध्ये माहीत होतं! ज्या डेव्हिड केली नावाच्या शास्त्रज्ञाचा त्या बातमीत संबंध होता ते जुलै 2003 मध्येच रानात मृत सापडले. कॅथरीन गन म्हणून ब्रिटिश गुप्तचर खात्यातली एक साधी भाषांतरकार, सुरक्षा परिषदेतल्या देशांवर पाळत ठेवायचा मेल तिनं फोडला, नोकरी गेली, खटला भरला आणि कोर्टात उभं राहायची वेळ आली तेव्हा सरकारनंच तो सोडून दिला. ब्लेअर साहेबांच्याच मंत्रिमंडळातल्या रॉबिन कुक यांनी युद्धाआधी 17 मार्चला मंत्रिपद सोडलं, हा एकच राजीनामा मला राजीनामा वाटतो. आणि दुसरीकडं, डिसेंबर 2004 मध्ये टेनेट साहेबांना अमेरिकेचं सर्वोच्च नागरी पदक. जानेवारी 2009 मध्ये तेच पदक बुश साहेबांच्या हातून ब्लेअर साहेबांना. 2022 च्या नववर्षाच्या तोंडावर ब्लेअर साहेब ‘सर’ झाले, दहा लाखांवर लोकांनी विरोधात सह्या केल्या, काही उपयोग नाही. आमचा तलाठी अजून वेतनवाढीचा फरक मागत फिरतोय.

ब्लेअर साहेब, तुमच्या देशाचा आमच्या गावाशी जुना हिशोब आहे. मे 1930 मध्ये तुमच्या राज्यकर्त्यांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला होता. 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्या चौघांना येरवड्यात फाशी दिलं, त्यांच्या नावाचा चौक आहे आमच्याकडं, रोज तिथनं रिक्षा फिरतात. त्या खटल्यातला पुरावा किती खरा यावर गाव अजून बोलतं. लंडनहून कुणी खुलासा दिला नाही आणि आम्हीपण मागायला गेलो नाही. बगदादवाल्यांनी कुठं जायचं, कुणाकडं अर्ज करायचा, आवक नंबर कुठं मिळतो, हे तुम्हीच सांगा.

माझं मागणं माफीचं नाही. माफी तुम्ही चांगली मागता. मला तुमच्या खुलाश्यात एक वाक्य बदलून पाहिजे. ‘माहिती चुकीची होती’ हे काढा आणि लिहा की माहितीत शंका होती, ती आमच्या टेबलावर होती आणि आम्ही ती लोकांना सांगितली नाही. सही करा. मग पुढचा जो कुणी असेल त्याच्या टेबलावर असली फाईल आली तर त्याचा कारकून तरी ती शंका खाली सरकवायच्या आधी दोनदा विचार करेल, कारण त्याला माहीत असेल की साहेब नंतर कारकुनाचं नाव सांगून सुटू शकत नाही. तुमची पेन्शन कापा असं मी म्हणत नाही, ते माझ्या हातात नाही.

कळावे.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, सोलापूर

प्रत, माहितीसाठी आणि आवश्यक कार्यवाहीसाठी :
दिल्लीतले आपले सत्ताधारी आणि विरोधक, दोघांना सारखीच.

साहेब लोकहो, 14 जुलै 2003 ला वाजपेयी सरकारनं इराकला सैन्य पाठवायला नकार दिला, अमेरिकेनं जवळपास एक डिव्हिजन मागितली होती, त्याबद्दल तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांचे आणि विरोधकांचे दोघांचे आभार, सोलापूर जिल्ह्यातली किती पोरं फौजेत आहेत ते तुम्हाला माहीत आहे. पण त्यावर मिशा पिळू नका. ब्रिटननं उशिरा का होईना सात वर्षं घालवून 26 लाख शब्दांचा चिलकॉट अहवाल छापला, कुणीही उघडून वाचावा. आपल्याकडं 1962 च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल 1963 पासनं कुलपात आहे. 2010 ला तेव्हाचे संरक्षणमंत्री अँटनी साहेब संसदेत म्हणाले मजकूर फार संवेदनशील आहे. विरोधात असताना जे तो खुला करा म्हणत होते त्यांचं सरकार आल्यावर जुलै 2014 मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री जेटली साहेबही म्हणाले राष्ट्रहितात नाही. कृष्ण मेनन गेले, यशवंतराव दिल्लीला गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला म्हणून आम्ही शाळेत शिकलो, पण कुणी कुठला शेरा वगळला ते सरकारनं साठ वर्षांत सांगितलं नाही. कारगिलच्या सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल फेब्रुवारी 2000 मध्ये संसदेत ठेवला, त्यातलीही पानं गाळलेली.

तरी हेंडरसन ब्रूक्स अहवाल आणि कारगिल अहवालातली गाळलेली पानं, खरोखर आजही धोका होईल तेवढ्या ओळी काळ्या करून, बाकी जशीच्या तशी प्रसिद्ध करावीत. आणि केलेल्या कार्यवाहीचं उत्तर आपल्या स्तरावरून परस्पर अर्जदारास द्यावं, ही विनंती.